समाजशास्त्र घेऊन काय करणार?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी गोडदेवहून बोलतेय, म्हणजे भाईंदर पूर्वेचं गोडदेव. नावाला गाव आहे, पण आता चारी बाजूंनी इमारती आहेत. तुमच्यातल्या पुष्कळ जणी खऱ्या खेड्यात राहतात, पण बचत गटाची बैठक इथे असो की तिथे, सारखीच असते. सतरंजी, वही, पैशांची पेटी आणि कर्जाचा विषय निघाला की सगळ्यांचे कान टवकारलेले.

अशाच एका जून महिन्यातल्या बैठकीतली ही गोष्ट. बचत जमा झाली, हप्ते आले, वही लिहून झाली. मग आमच्या एका काकींनी कर्ज मागितलं. आठ हजार रुपये, मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी. मुलगी बारावी आर्ट्सला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला बीए करायचं होतं. सचिव ताईंनी विचारलं, "विषय कुठला?" काकी म्हणाल्या, "समाजशास्त्र."

सगळ्या गप्प. मग एक वहिनी म्हणाल्या, "त्यापेक्षा नर्सिंगला घाला, हाताला काम तरी लागेल." दुसरीने विचारलं, "समाजशास्त्र म्हणजे समाजसेवाच ना? ती तर आपण फुकट करतोच आहोत." यावर सगळ्या हसल्या. एक मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझी लेक बीए झाली. दोन वर्षं झाली, घरीच आहे. फी भरली ती मी भांडी घासून." त्यांच्या या बोलण्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी गटाची समन्वयक आणि मी स्वतः समाजशास्त्र घेऊनच बीए केलेलं. मला तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्या महिन्याभरात मी जो विचार केला, जुन्या वह्या काढून जे पाहिलं, ते आज तुम्हाला सांगते. कारण तुमच्याही घरात बारावी झालेली मुलगी असेल, आणि हाच प्रश्न तुमच्याही पुढे येईल.

समाजसेवा वेगळी, समाजशास्त्र वेगळं

आधी हा गोंधळ दूर करू. समजा, नळावर रोज भांडणं होतात. समाजसेवा करणारी बाई मध्ये पडेल, नंबर लावून देईल, नगरसेवकाकडे किंवा सरपंचाकडे अर्ज घेऊन जाईल. ते काम मोलाचं आहे आणि त्याचं वेगळं शिक्षणही असतं. पदवीला बीएसडब्ल्यू आणि पुढे एमएसडब्ल्यू. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी त्याच नळावर उभी राहून वेगळे प्रश्न विचारेल. पाणी भरायला बायका आणि मुलीच का येतात? पहिला हंडा कुणाचा लागतो आणि कुणाला कायम शेवटी थांबावं लागतं? हे कुणी ठरवलं? पूर्वी याच गावात कुणाला पाणवठ्याला हात लावू देत नव्हते, आणि ते कसं बदललं? बदललं की नुसतं झाकलं गेलं?

माणसं एकत्र राहतात तेव्हा काही नियम तयार होतात. काही कायद्यात लिहिलेले असतात, पण बरेचसे कुठेही लिहिलेले नसतात. सुनेने कधी जेवायचं, हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं, लग्न कुणाच्या घरात जमवायचं, वारसाची जमीन कुणाच्या नावावर चढवायची. हे नियम कुठून येतात, कुणाच्या फायद्याचे असतात, ते मोडणाऱ्याला काय भोगावं लागतं आणि ते बदलतात कसे, याचा पुरावे घेऊन केलेला अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. कुटुंब, विवाह, जात, वर्ग, धर्म, शिक्षण, शहर, खेडं, स्त्री-पुरुषांमधलं नातं हे सगळे त्याचे धडे.

हेरवाडचं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं यापुढे करायचं नाही असं गावाने ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. बातमी ऐकून आपण म्हणतो, छान झालं. समाजशास्त्र पुढे जाऊन विचारतं, ठराव झाल्यावर त्या घरात प्रत्यक्ष काय घडलं? बाईला स्वतःलाच भीती वाटली का? सासूने मान्य केलं का? पुढच्या हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं का? कागद एका दिवसात बदलतो. माणसांच्या वागण्याला किती वेळ लागतो आणि तो का लागतो, हे शोधायला घरोघर जावं लागतं.

हा विषय आपल्याच मातीतला

पुष्कळांना वाटतं हे परदेशी शास्त्र आहे. नाव तिकडचं, हे खरं. फ्रान्समधल्या ओग्युस्त काँत यांनी एकोणिसाव्या शतकात या शास्त्राला नाव दिलं. पण आपल्या महाराष्ट्रात तेव्हापासून माणसं हे प्रश्न विचारत होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं की जे दोष बायकांना लावता ते पुरुषांत नाहीत का. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये शेतकरी गरीब का राहतो याची कारणं मांडली. १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' आलं. त्यात पाटील-कुलकर्णी, बलुतेदार-अलुतेदार, कुणाचा हक्क किती आणि कुणाच्या वाट्याला काय, असा खेड्याचा सगळा कारभार तपशिलाने लिहिला आहे. आणि १९१६ मध्ये पंचविशीतल्या बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनामुळे, आणि ते बंधन टिकवण्यासाठी बाईवर सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह लादले गेले, अशी मांडणी त्यांनी केली. म्हणजे जातीचा प्रश्न आणि बाईचा प्रश्न एकमेकांत गुंतलेला आहे, हे शंभर वर्षांपूर्वी सांगून झालं होतं.

कॉलेजात हा विषय आणण्यातही मुंबईचा वाटा मोठा. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. त्यांच्यानंतर १९२४ मध्ये विभाग हातात घेतला तो आपल्या मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. पुढे पस्तीस वर्षं त्यांनी तो वाढवला. देशातले कितीतरी नावाजलेले समाजशास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले.

त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये एक बाई होत्या, इरावती कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सून. मुंबई विद्यापीठातून त्या एमए झाल्या आणि पुढे जर्मनीला गेल्या. तिथे त्यांच्या मार्गदर्शकांची अपेक्षा अशी होती की माणसांच्या कवट्या मोजून गोऱ्या वंशाचं वेगळेपण दिसावं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा काही फरक सापडत नाही. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, एकट्या बाईने. मोजमापात जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं.

परत आल्यावर त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलं आणि देशभर हिंडून कुटुंब आणि नातेसंबंध यांचा अभ्यास केला. १९५३ मध्ये त्यांचं नातेव्यवस्थेवरचं पुस्तक आलं. उत्तरेत मुलगी लांबच्या, नात्यात नसलेल्या घरात देतात. दक्षिणेत नात्यातल्या नात्यात लग्नं होतात. आपला महाराष्ट्र मध्ये, म्हणून आपल्याकडे दोन्हींचं मिश्रण. पुष्कळ जातींत मामाची मुलगी करतात, आतेची मुलगी सहसा करत नाहीत. हे तुम्हा-आम्हाला लहानपणापासून माहीत असतं, पण त्यामागे एक व्यवस्था आहे आणि त्यावर सासरी गेलेल्या मुलीचं एकटेपण अवलंबून असतं, हे वाचल्यावर मला माझ्या आईचं आयुष्य वेगळं दिसायला लागलं. तिचं सासर तिच्या आत्याचं घर नव्हतं. तिला तिथे ओळखीचं एकही माणूस नव्हतं.

इरावतीबाईंनी कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांचीही पाहणी केली. त्यांनी आणि जाई निंबकर यांनी केलेला तो अहवाल १९६९ मध्ये आला. वीज कुणाला मिळाली आणि घर कुणाचं गेलं, हे विचारणारी पाहणी.

माझी चुकलेली पाहणी

आता माझं सांगते. मी काही हौसेने समाजशास्त्र घेतलं नव्हतं. कॉलेज जवळ होतं, कॉमर्सची फी परवडत नव्हती, आणि हा विषय सोपा असतो असं मैत्रिणीने सांगितलं. पहिली दोन वर्षं मी गाईडमधून पाठ केलं. कुटुंबाची व्याख्या, कुटुंबाची वैशिष्ट्यं, कुटुंबाची कार्यं. परीक्षेत टीपा लिहिल्या, पास झाले, विसरले. हे मुद्दाम सांगते, कारण आजही पुष्कळ मुली असंच शिकतात, आणि असं शिकून खरंच काही मिळत नाही. आमच्या मावशींची तक्रार इथे खरी आहे.

तिसऱ्या वर्षी संशोधन पद्धतीचा पेपर होता. मॅडमनी सांगितलं, आपल्या वस्तीतल्या तीस बायकांची पाहणी करा आणि त्या काय काम करतात ते लिहा. मी गोडदेवच्या चाळीतून फिरले. दोन दिवसांत तीस फॉर्म भरले. प्रश्न होता, "तुम्ही काम करता का?" तीसपैकी बावीस बायकांनी सांगितलं, "नाही, मी घरीच असते." मी बावीस जणींपुढे 'गृहिणी, काम नाही' असं लिहिलं आणि ऐटीत मॅडमना नेऊन दिलं.

मॅडमनी विचारलं, "तू गेलीस तेव्हा त्या काय करत होत्या?" मी आठवलं. एक जण खोट्या दागिन्यांचे मणी ओवत होती. एक जण शेजारणीचं बाळ सांभाळत होती, महिन्याला पैसे घेऊन. एक जण पापड लाटत होती. एक जण कपड्यांचे धागे कापत होती, शंभर नगांवर हिशेब. मी म्हटलं, "पण त्याच म्हणाल्या की काम करत नाही." मॅडम म्हणाल्या, "मग तुझा प्रश्न चुकला. परत जा. विचार की काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, आणि वेळेसकट लिही."

मी परत गेले. या वेळी एका घरी तास-दीड तास लागला. बायका आधी हसायच्या, म्हणायच्या, "यात काय लिहायचंय?" मग सांगायला लागायच्या. चार वाजता पाणी, मग डबे, मग शाळा, मग सासूची औषधं, मग मणी, मग स्वयंपाक, मग पुन्हा मणी रात्री अकरापर्यंत. एका बाईने सगळं सांगून झाल्यावर स्वतःच मोजलं आणि म्हणाली, "अगं, मी सतरा तास जागी आणि त्यात बसले कधी?" बावीसपैकी एकोणीस जणी काही ना काही कमावत होत्या. कुणाच्याच घरी ती कमाई धरली जात नव्हती. त्यांच्या स्वतःच्या मनातही नाही.

पुढे मला कळलं की ही माझ्या एकटीची चूक नव्हती. मोठ्या पाहण्यांतही बायकांचं काम असंच निसटतं, म्हणून वेळ मोजण्याची वेगळी पाहणी करावी लागते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर ती केली. त्यात दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणारे पुरुष सरासरी ९७ मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुषच चौघांत एक, बायका मात्र पाचांत चार.

प्रश्न कसा विचारायचा हे मी त्या तीस घरांत शिकले. आज गटात एखादी बाई हप्ता भरत नाही तेव्हा मी "का भरला नाही?" असं विचारत नाही. "या महिन्यात घरात काय काय झालं?" असं विचारते. खरं कारण बहुतेक वेळा तिथे सापडतं.

आपलं दुखणं आणि सगळ्यांचा प्रश्न

या विषयातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला विचार अमेरिकेतल्या राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाचा. १९५९ साली त्याने एक साधी गोष्ट सांगितली. मोठ्या शहरात एकाच माणसाला काम नसेल तर ती त्याची अडचण, त्याच्यात काही कमी असेल. पण लाखोंना काम नसेल तर तो सगळ्यांचा प्रश्न आहे. मग त्या माणसात दोष शोधून चालणार नाही, व्यवस्थेत शोधावा लागेल.

आपल्याकडचं उदाहरण बीडचं. ऊसतोडीला जाणाऱ्या एखाद्या बाईचं गर्भाशय काढलं, तर घरचे म्हणतात, तिची तब्येतच तशी. शेजारीण म्हणते, नशीब. २०१९ मध्ये हा विषय गाजला आणि राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. आता हे नशीब म्हणता येईल का?

मग कारणं शोधायला गेलं की एकेक धागा हाती येतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. एक जण जरी आजारी पडला तरी खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, जड मोळ्या डोक्यावर. पोटात दुखायला लागलं की डॉक्टरकडे जायचं, आणि तिथे कुणी सांगितलं की पिशवी काढून टाका, कटकट गेली, तर बाई कर्ज काढून तेही करते. शिवाय तिचं लग्न लवकर झालेलं, मुलं लवकर झालेली. पाणी, मजुरी, कर्ज, दवाखाना, बालविवाह. एका बाईच्या पोटातल्या दुखण्यामागे एवढी साखळी. ही साखळी पाहायला शिकवणं हे समाजशास्त्राचं काम. साखळी दिसली की तोडायची कुठे हे ठरवता येतं.

गटातल्या कामात मी हेच करायला बघते. एकीचा नवरा दारू पितो ही तिची अडचण. गल्लीतल्या दहा जणींचे पितात, तर कारखाने कधी बंद झाले, दुकान कुठे उघडलं, पगार कसा मिळतो, रोज की महिन्याने, हे पाहावं लागतं.

आमचं गोडदेव तर या विषयाची शाळाच आहे. आगरी लोकांची जुनी घरं, शेती, जवळ मिठागरं. मग मुंबईची लोकल, कारखाने, चाळी, टॉवर. १९८५ मध्ये आसपासच्या ग्रामपंचायती मिळून नगर परिषद झाली आणि २००२ मध्ये मिरा-भाईंदर महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत होती, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत एवढी माणसं आली. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून. आमच्या एका गटात चार भाषा आहेत. कुणाचा शब्द बैठकीत चालतो आणि कोण गप्प बसते, यातही जुनं-नवं, घरमालकीण-भाडेकरू असा फरक असतो. तुमच्या गावात तो वाड्या-वस्त्यांचा असेल.

कॉलेजात काय शिकवतात

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार बीएची रचना बदलली आहे. मुलीला एक मुख्य विषय घ्यावा लागतो, त्याला मेजर म्हणतात. जोडीला दुसरा विषय, तो मायनर. तीन वर्षांनी पदवी मिळते. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मध्येच शिक्षण सोडावं लागलं तर ठरलेल्या अटी पुऱ्या करून एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेता येते. लग्नामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटणाऱ्या मुलींसाठी हे माहीत असणं गरजेचं आहे. पण तेवढ्यावर थांबायचं नाही, बरं का.

समाजशास्त्र मेजर घेतलं तर साधारण असं शिकायला मिळतं. सुरुवातीला विषयाची ओळख आणि मूळ कल्पना. मग भारतीय समाज, म्हणजे जात, वर्ग, आदिवासी, खेडं आणि शहर. मग स्त्री-पुरुष समानतेचे प्रश्न, विकास, काम आणि मजुरी. शेवटी विचारवंतांचे सिद्धान्त आणि संशोधन पद्धती. प्रत्येक विद्यापीठाचे पेपर थोडे वेगळे असतात.

नोकरीचं काय?

आता मावशींचा प्रश्न. खरं सांगते, समाजशास्त्राची नुसती बीए झाली म्हणून कुणी दारात नोकरी घेऊन येत नाही. नर्सिंगचं प्रमाणपत्र दाखवून काम मिळतं तसं इथे होत नाही. हे मुलीला आणि आईला आधीच सांगितलं पाहिजे. ही पदवी म्हणजे पुढच्या वाटांचा फाटा आहे. त्या वाटा कोणत्या, ते ऐका.

स्पर्धा परीक्षा. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत समाजशास्त्र हा ऐच्छिक विषय घेता येतो आणि पुष्कळ जण घेतात.

समाजकार्य. बीएनंतर एमएसडब्ल्यू करता येतं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आहे आणि तिचं एक केंद्र तुळजापूरला आहे. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. प्रवेशाची चौकशी आधीच्या वर्षी करावी लागते.

शिक्षण. शाळेत समाजशास्त्र वेगळा विषय म्हणून नसतो, अकरावी-बारावीला असतो. तिथे शिकवायला एमए आणि बीएड लागतं. पदवी कॉलेजात शिकवायचं तर एमएनंतर नेट किंवा सेट.

कायदा. कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. ज्या मुलीला बायकांच्या हक्कांसाठी काम करायचं आहे तिला ही जोडी चांगली.

पाहण्या आणि प्रकल्प. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. अशा पाहण्यांना घरोघर जाऊन माहिती घेणाऱ्या मुली लागतात. काम ठरावीक मुदतीचं असतं, पण अनुभव मिळतो. शिवाय उमेद, माविम आणि स्वयंसेवी संस्थांमध्ये समन्वयक, प्रशिक्षक अशा जागा निघतात. मी स्वतः याच वाटेने आले.

या सगळ्यासाठी तीन गोष्टी बीए करता करताच शिकून घ्यायला हव्यात. संगणकावर मराठी टायपिंग आणि हिशेबाचे तक्ते, कामापुरतं इंग्रजी, आणि नीट अहवाल लिहिणं. मावशींच्या मुलीचं अडलं ते इथेच. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रवेश घेण्याआधी विचारा

कॉलेजात फॉर्म भरण्याआधी आईने मुलीबरोबर जावं आणि चार प्रश्न विचारावेत. हा विषय शेवटच्या वर्षापर्यंत शिकवता का? कधी कधी पहिल्या वर्षी असतो आणि पुढे मुलं कमी म्हणून बंद होतो. मराठीतून पेपर लिहिता येतो का? मराठी पुस्तकं ग्रंथालयात आहेत का, की सगळं गाईडवर? विद्यार्थ्यांना पाहणीसाठी वस्तीत, गावात नेता का? आणि फीच्या पावतीबरोबर शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी निघतो तेही विचारा, कारण तारीख गेली की वर्ष जातं.

कॉलेज लांब असेल, किंवा तुमचं स्वतःचं शिक्षण लग्नामुळे राहिलं असेल, तर घरी राहूनही शिकता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकवतं. मुंबई विद्यापीठाचं दूर शिक्षण १९७१ पासून आहे. त्या वर्षी हा विषय आणि तुमच्या जवळचं अभ्यासकेंद्र सुरू आहे ना, एवढी खात्री करून घ्या. एजंटला पैसे देऊ नका, थेट केंद्रावर जा.

बैठकीत काय ठरलं

पुढच्या बैठकीला मी हे सगळं सांगितलं. काकींनी मुलीलाही आणलं होतं. मी तिला विचारलं, "हाच विषय का?" ती आधी लाजली. मग म्हणाली, "आमच्या चाळीत तीन मुलींची लग्नं बारावीच्या आधी झाली. सगळे म्हणतात त्यांच्या आईबापांची चूक. मला वाटतं नुसती त्यांची नाही. मला कळून घ्यायचंय."

सतरंजीवर कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग नर्सिंगला घाला म्हणणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "द्या." मावशी तरीही म्हणाल्या, "माझं मत नाहीच. पण अडवणारही नाही. तिला संगणकाच्या क्लासला घाला म्हणजे झालं." वहीत लिहिलं गेलं, आठ हजार, दहा हप्ते, शिक्षणासाठी म्हणून व्याज निम्मं. मावशींची अटही लिहिली.

त्याच बैठकीत आणखी एक ठरलं. मावशींच्या मुलीला गटाच्या वह्या लिहायला आणि पाहणीच्या कामाला बरोबर घ्यायचं. ती आता येते. अजून पगाराची नोकरी नाही, पण दोन महिन्यांत तिने तीन गटांच्या वह्या नीट केल्या आहेत. पुढे काय होतं ते मी आत्ताच सांगू शकत नाही.

तुम्हाला एक काम देते. तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर अर्धा तास ठेवा. प्रत्येकीने सांगायचं, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मी काय काय केलं. गटातल्या शिकलेल्या मुलीने ते वेळेसकट लिहायचं. मग तास मोजा, आणि त्यातल्या किती तासांचे पैसे मिळाले तेही मोजा. कागद वहीत चिकटवून ठेवा. ग्रामसभेत पाण्याचा, पाळणाघराचा किंवा रस्त्याचा विषय काढाल तेव्हा तो कागद हातात असू द्या.